देवाजवळ बसायचा नेम पुन्हा पुन्हा तुटतो? आधी काडेपेटी तपासा

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, कपाशी, सोयाबीन आणि तुरीचं. गेली चौदा वर्षं संध्याकाळी मारुतीच्या पारावर बायकांचा हरिपाठ होतो आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आहे. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज-परकर शिवते. त्यामुळे गावातल्या बाया माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. एक, मशीन टाके सोडते. दुसरी, "ताई, सकाऊनपासून नुसती धावाधाव हाये, देवापाशी पाच मिनिटं बसनं होत नाई." दुसरी तक्रार कितीतरी जास्त वेळा येते, आणि आता पुरुषही आणतात.

मशीन टाके सोडायला लागली की नवी शिकणारी घाबरते, मशीनच गेली म्हणते. मिस्त्री आधी सुई बदलतो, मग दोरा काढून पुन्हा ओवतो, मग बॉबिनची केस पुसतो. टायमिंगला तो सगळ्यात शेवटी हात लावतो, आणि बहुतेक वेळा त्याला तिथपर्यंत जावंच लागत नाही. नेम तुटला की आपण मात्र थेट टायमिंगला हात घालतो. "माझी भक्तीच खरी नाही," असं म्हणून मोकळे होतो. मी इतक्या घरांत हा बिघाड पाहिला आहे की आता ठामपणे सांगते, सुरुवात तिथून करू नका. खाली ज्या क्रमानं लिहिलं आहे त्याच क्रमानं बघत जा. आधी फुकटातलं, सोपं, मग अवघड.

लक्षणं

समईतलं तेल चिकट झालेलं असतं, वात काळी पडून बुडाशी बसलेली असते. गुरुवारी वाहिलेलं जास्वंद पुढच्या गुरुवारी उचलावं तर हातात चुरा होतो. उदबत्ती लागते, पण ती शाळेत निघालेली पोरगी दप्तर पाठीवर घेऊन लावते, घरातली मोठी माणसं नाही.

काही घरांत वरून सगळं ठीक दिसतं. दिवा रोज लागतो, हात जोडले जातात, पण कान गॅसवरच्या दुधाकडे असतात. माळेचे १०८ मणी फिरून मेरुमणी हाताला लागतो तेव्हा लक्षात येतं की मन सगळा वेळ औषधाच्या उधारीत होतं.

तिसरा प्रकार हंगामी. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या काकड्याला एक दिवस खाडा नाही, आणि पौर्णिमा उलटली की अकरा महिने देव्हाऱ्याला हात नाही. श्रावणाचंही तसंच.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं तर मी लगेच त्या माणसाशी बोलते. देवखोलीवरून जाताना मान दुसरीकडे वळते. वेळ नाही म्हणून हे होत नाही. आपण देवाला काहीतरी कबूल केलं आणि पाळलं नाही, याची ती लाज असते. ही मला स्वतःला झाली होती.

माझा धाकटा तीन वर्षांचा असताना न्यूमोनियानं आजारी पडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी बोलून गेले की पोरगा घरी आला तर रोज गजानन विजय ग्रंथाचा एक अध्याय, पूर्ण हरिपाठ आणि अकरा माळा. पोरगा घरी आला. उन्हाळाभर नेम चालला. मृगाचा पाऊस पडला, पेरणी लागली, तेव्हा अकराच्या तीन माळा झाल्या. पोळ्यानंतर नुसता अध्याय उरला. सोयाबीन सोंगणीला आलं तेव्हा रात्री पोथी उघडली की ओळी एकमेकींवर चढायच्या, आणि एक दिवस पोथी उघडलीच नाही. पुढचे साडेतीन महिने मी देवाकडं पाहिलं नाही. दिवा सासूबाई लावायच्या. त्यांना कळलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या सुमारास एकदा चुलीपुढे बसल्या असताना म्हणाल्या, "देव काय सावकार हाये का वो? व्याज नाई चढवत तो. जा, हात जोड." मी गेले. त्या दिवसापासून नेमाचा हिशेब कसा मांडायचा ते मी शिकत गेले, आणि पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

पहिली तपासणी: काडेपेटी, वात, जागा

हसू नका, इथेच निम्मे बिघाड सापडतात. मी कोणाच्या घरी गेले तर आधी देव्हाऱ्यापुढे बसून दिवा लावून बघते. आषाढात काडेपेटी सर्दावलेली असते. एक काडी ओढली, गुल निघून गेला. दुसरी तुटली. तिसरी पेटली तर वात ओली. तेलाची बाटली स्वयंपाकघरात, कापूस आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, त्या कपाटाची किल्ली घरधन्याच्या खिशात. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईनं हे सगळं गोळा करायचं आणि मग देवापुढे बसायचं. ती बसणार नाही, आणि त्यात तिच्या श्रद्धेचा काही दोष नाही. थकलेल्या माणसाला थांबवायला एवढासा अडथळा पुरतो, म्हणून ही तपासणी पहिली.

उपाय जवळजवळ फुकट आहे. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा छोटा डबा घ्या, तळाशी मूठभर तांदूळ टाका आणि काडेपेटी त्यात ठेवा. तांदूळ ओल धरतात, काडी पहिल्या ओढीत पेटते. दुसऱ्या डब्यात फुलवाती. मी दर अमावस्येला तीसेक करून ठेवते. कापूस घरचाच. पहिल्या वेच्याला वावरात सीतादही, म्हणजे कपाशीची पूजा, करतो तेव्हाच मूठभर बोंडं देवासाठी बाजूला निघतात. सरकी बोटानं काढायची, कापूस हलका पिंजायचा, खाली गोल बूड ठेवून वरची शेंडी दोन बोटांत वळायची. तूप पातळ करून त्यात एकेक बुडवायची आणि ताटलीत ओळीनं उभी करायची. तूप गोठलं की डब्यात भरायच्या. मग रोजचं काम एवढंच उरतं की डब्यातून वात काढायची, निरांजनात ठेवायची, काडी ओढायची.

याचा आणखी एक फायदा आहे. एवढी फुलवात दहा-पंधरा मिनिटं जळते. ती विझेपर्यंत बसायचं, घड्याळाकडे बघायचं काम नाही. आमच्या पारावरच्या कितीतरी बायांचं बसणं या एका गोष्टीनं टिकलं.

बसायची जागाही बघा. देव्हारा उंच फळीवर असेल आणि खाली युरियाची पोती रचलेली असतील तर कोणीही उभ्या उभ्याच हात जोडून निघणार. पोती हलवा. एक पोतं किंवा चटई कायम अंथरलेली ठेवा, गुंडाळून ठेवू नका.

दुसरी तपासणी: नेम केवढा आहे

नेम ठरवताना आपण आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांपुढे धरतो. गुरुवार, उपवास, पाहुणे नाहीत, वावरात काम नाही. तसा दिवस महिन्यात दोनदा येतो. नेम त्याच्या मापानं शिवला तर उरलेल्या अठ्ठावीस दिवशी तो अंगाला बसत नाही.

मी उलटं माप घेते. गेल्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवायला सांगते. मजूर आले नाहीत, गाय व्याली, लाइट गेली, पोराला ताप. त्या दिवशी तुमच्यानं देवासाठी काय झालं असतं? "दिवा लावून नमस्कार तेवढा झाला असता," असं उत्तर आलं तर तोच नेम. रोजचा, न तुटणारा. वर जे होईल ते त्या दिवशीचं देणं, त्याला नेम म्हणायचं नाही.

बायांना हे पटत नाही. एवढंच करायचं तर लाज वाटते म्हणतात. मी त्यांना हरिपाठाची आठवण देते. रोज पारावर आपण २७ अभंग म्हणतो, त्यातला अगदी पहिलाच देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याबद्दल आहे. ज्ञानेश्वर माउलींनी सुरुवातच क्षणापासून केली, मग आपण तासापासून का करायची?

पोथीचंही माप समजून घ्या. गजानन विजय ग्रंथाचे अध्याय २१. रोज तीन वाचले तर सात दिवसांत पारायण होतं, आणि पारायणासाठी ते माप योग्यच आहे, कारण त्या सात दिवसांसाठी आपण घरचं सगळं बाजूला ठेवतो. तेच माप बारा महिने चालवायला गेलं की माझ्यासारखं होतं. हंगामात दर गुरुवारी एक अध्याय ठेवा. पेरणी आटोपल्यावर सुरू केलं तर दिवाळीनंतर ग्रंथ पूर्ण होतो. इतर दिवशी पाच ओव्या. मी आता असंच करते आणि सात वर्षांत खंड नाही.

तिसरी तपासणी: नेम घड्याळाला बांधला की कामाला

पुरुषांचा बिघाड मुख्यतः इथे असतो. आमच्या गल्लीतले एक भाऊ, संत्र्याची बाग आणि हरभरा-गहू. त्यांनी पहाटे पाचची वेळ धरली होती. चार महिने धडपडले, मग माझ्याकडे आले. "ताई, मले सांगा, एक आठवडा दिवसा लाइन देते, दुसऱ्या आठवड्यात रातची. रातभर ओलीत करून आलो का पाच वाजता डोयेच उघडत नाई. मंग दिवसभर मन खात राह्यते."

शेतीपंपाच्या विजेच्या पाळ्या बदलत राहणार, त्या आपल्या हाती नाहीत. मजुरांची वेळ आपली नाही, दुधाच्या गाडीची नाही. अशा घरात पाच वाजताचा नेम म्हणजे वाहत्या पाण्यात खुंटी ठोकणं. खुंटी कामात ठोकायची, कारण वेळ सरकली तरी काम रोज होतंच. मी त्या भावांना विचारलं, दिवसा असो की रात्री, रोज नक्की काय करता? मोटर चालू करतो, म्हणाले. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचायला वेळ लागतोच, तोवर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बिडी पितो. तोच त्यांचा वेळ झाला. आता बटण दाबलं की विहिरीच्या काठाला टेकून ते नाम घेतात, पाणी टोकाला पोचेपर्यंत. दिवा घरी त्यांची आई लावते. बिडी सुटली असं मी म्हणणार नाही, पण ती आता नामाच्या नंतर असते.

यात एक बारकावा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. नेम कामाच्या आधी बांधा, नंतर नको. "जेवण आटोपलं की बसीन" हे कधीच होत नाही, कारण जेवणानंतर भांडी असतात, भांड्यांनंतर ढोरांचं कुटार, त्यानंतर झोप. "चहा घोटायच्या आधी", "धारेला बसायच्या आधी", "कापसाचं ओटं (वेचलेला कापूस टाकायची झोळी) कमरेला बांधायच्या आधी" हे होतं, कारण पुढचं काम आपल्याला ओढून घेऊन जातंच. वेच्याच्या दिवसांत आमच्या पाच-सहा बाया वावराच्या धुऱ्यावर ओटं बांधायच्या आधी एक मिनिट पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहतात. कोणी विठ्ठलाचं नाव घेतं, कोणी गजानन महाराजांचं. मग पाती धरतात.

चौथी तपासणी: मोबाईल

थोडक्यात सांगते. सकाळी देवाच्या आधी मोबाईल हातात आला तर त्या दिवशी देवाचा वेळ गेला, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की यावर वाद घालत नाही. देवाचा फोटो पन्नास जणांना पाठवणं चांगलं असेल, पण ते देवाजवळ बसणं नाही. चार्जर देव्हाऱ्यापासून दूरच्या खोलीत लावा. आरती मोबाईलवर लावत असाल तर आठ दिवस बंद करून बघा. स्वतःच्या आवाजात म्हटली की मन तिथे थांबतं. चुकीची म्हटली, सुरात नाही म्हटली, चालतं.

पाचवी तपासणी: महिन्याचे चार दिवस

हे बायांसाठी आहे, आणि मी मोकळेपणानं लिहिते कारण कोणी लिहीत नाही. पुष्कळ घरांत अडचणीच्या चार-पाच दिवसांत बाई देव्हाऱ्याला हात लावत नाही. ज्या घरात पाळतात तिथे पाळा, नाही पाळत तिथे नका पाळू, तो वाद इथे आणत नाही. पण बिघाड कुठे होतो ते बघा. चार दिवस देव बंद, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाणं, नेमका तेव्हा कामाचा गराडा, सहाव्या दिवशी विसर. दर महिन्याला गाडी रुळावरून खाली उतरते आणि परत चढवायला पुढचे दहा दिवस जातात. म्हणून बाई म्हणते, माझं टिकतच नाही.

नामाला विटाळ नाही, असं वारकऱ्यांनी शेकडो वर्षं सांगितलं आहे. जनाबाईंनी दळताना नाव घेतलं, चोखोबांनी देवळाच्या बाहेर राहून घेतलं. त्या चार दिवसांत त्याच वेळेला, त्याच कामाच्या आधी, अंगणात किंवा गोठ्यात बसून तितकंच नाम घ्या. दिवा दुसरं कोणी लावेल. वेळ मात्र तुमचीच राहू द्या. हे सांगितल्यावर एका चाळीशीतल्या काकू माझ्यासमोर रडल्या. पंचवीस वर्षं त्या स्वतःला नेमात कमी समजत होत्या.

सहावी तपासणी: सोबत आहे का

एकट्यानं धरलेला नेम एकट्यालाच मोडता येतो, कोणाला कळत नाही. सोबतीचा नेम मोडायला जड जातो. आमच्या भागाला हे नव्यानं शिकवायची गरज नसावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थना गावोगावी पोचवली. दिवसभर राबलेल्या माणसानं दिवेलागणीला सगळ्यांबरोबर बसावं, अशी ती रीत आहे.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथी तिथीनं, आश्विन वद्य पंचमीला होते. ते दिवस सोयाबीनच्या ऐन घाईचे. मळणीयंत्राची पाळी मिळवायला लोक भांडतात, आभाळ आलं तर जीव टांगणीला. तरी मोझरीत लाखो माणसं ४ वाजून ५८ मिनिटांनी उभी राहतात आणि मौन पाळतात, आणि गावागावांतही पाळलं जातं. मी एका साली वावरातच होते. शेजारच्या वावरात मळणी चालू होती, धुरळा उडत होता. वेळ झाली तशी कोणीतरी यंत्र बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की तुरीत बसलेल्या पाखरांचा आवाज ऐकू आला. मळलेल्या कपड्यांनी, डोक्याचं फडकं काढून माणसं उभी. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा लागलं. वेळ ठरलेली, माप लहान, सगळे बरोबर. हंगामाच्या कळसालाही वेळ निघतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा पारावर जा, प्रार्थनेला जा, ते नसेल तर एक माणूस धरा. माझी जाऊ आता पुण्याला असते. आम्ही दोघी सांजवात झाली की एकमेकींना मिस कॉल देतो, बोलत नाही. तिचा आला नाही तर मला कळतं की आज काहीतरी अडलं आहे.

सातवी तपासणी: घरातल्या कामाची वाटणी

घरच्या घरी करायच्या तपासण्यांत ही सगळ्यात कठीण, म्हणून इतकी खाली ठेवली. आधीच्या सहा नीट करूनही नेम तुटत असेल तर त्या घरात बाईला खरोखरच पाच मिनिटं नाहीत. मी एका वहिनींकडे सकाळी साडेपाच ते आठ नुसती बसून राहिले. सडा, चूल, चहा, सासऱ्यांचं गरम पाणी, दोन पोरांचे डबे, धार, दुधाची बरणी, मजुरांची न्याहारी, पुन्हा चहा. घरधनी खुर्चीत बसून होते, माणूस चांगला, पण कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, वहिनींचा देव तुमच्या हातात हाये. धारेला तुम्ही बसा." ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी बसले. गाईनं चार दिवस त्यांना जुमानलं नाही, मग जुमानलं. वहिनी आता धारेच्या वेळी देवापुढे असतात.

इथे काही जण म्हणतात की काम हाच देव, मग वेगळं बसायचं कशाला? गाडगेबाबांचं नाव घेतात. मी त्यांना एवढंच विचारते की बाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे हे खरं, पण रात्री काय करायचे? रात्री ते कीर्तनाला उभे राहायचे. दोन्ही होतं. ज्याला कामातच देव सापडतो त्याच्या मी पाया पडते. पण कामात देव सापडत नाही म्हणून ज्याला आतून तुटल्यासारखं वाटतं, त्याला "काम हाच देव" सांगून परत कामाला लावणं हा अन्याय आहे.

परत तुटला तर

तुटेल. लग्नसराईत तुटतो, मयतीत तुटतो. तेव्हा एकच पाळा, भरपाई करू नका. चार दिवसांच्या राहिलेल्या चार माळा पाचव्या दिवशी ओढायला बसलात की तो पाचवा दिवसही मोडतो, आणि मग मान वळवायचं लक्षण सुरू होतं. ज्या दिवशी आठवलं त्या दिवशीचा दिवा लावा, मागचा हिशेब सोडा. आणि मोठा नवस बोलून बसला असाल, फिटत नसेल, तर ज्यांच्यावर विश्वास आहे अशा जाणत्या माणसाला, कीर्तनकाराला विचारून तो लहान करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

इथे माझी विद्या संपते, ते स्पष्ट सांगते.

नेम मोडला म्हणून घरावर कोप झाला, अमुक पूजा करा, इतके पैसे द्या, असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा. पैसे देऊ नका. भीती घालून लुबाडणाऱ्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत तक्रार करता येते.

दुसरं याहून गंभीर. वेळ आहे, दिवा तयार आहे, सोबत आहे, तरी माणूस देवाजवळ बसत नाही, आणि त्याबरोबर झोप उडाली आहे, जेवण उतरत नाही, पोरांशी बोलणं थांबलं आहे, दोन आठवड्यांहून जास्त झालं आहे, तर हा नेमाचा बिघाड नाही. त्याला नाम घे म्हणून सांगत बसू नका. हा आजार आहे आणि त्यावर डॉक्टर आहेत. "माझं काय राहिलं आता", "तुम्ही सांभाळून घ्या" असली वाक्यं कानावर आली तर एक दिवसही थांबू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, माणसाला एकटं सोडू नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नापिकीच्या साली आपल्याकडे काय होतं हे मी विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

मी ही चूक केली आहे. आमच्या पारावर येणारी एक ताई, तिचा नवरा गेल्यावर यायची बंद झाली. मी तिच्या घरी जाऊन फुलवातींचा डबा ठेवून आले, दिवा लाव म्हटलं, पुन्हा जाऊन म्हटलं. दीड महिना. तिच्या आईनं मला बाहेर अंगणात नेऊन सांगितलं की ती रात्रभर विहिरीकडे तोंड करून बसते. त्याच दिवशी आम्ही दोघी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

आता ती येते. पाराच्या कडेला बसते, अजून गात नाही, टाळ मात्र घेते. गोळी आणि दिवा दोन्ही सांजवेळीच, असं तिनंच ठरवलं. आधी दिवा, मग गोळी. गोळ्यांचं पाकीट ती देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवते, काडेपेटीच्या डब्यातच, तांदळावर.